संघाची गती : रात्रकालीन हिवाळी साहसस्पर्धेतील एका नियमाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

क्रीडेच्या इतिहासाचे लेखन बहुधा विजेत्यांच्या नावांभोवती फिरते. कोण पहिला आला, किती वेळात आला आणि पूर्वीचा विक्रम कितीने मोडला, या नोंदींवरच अशा लेखनाची उभारणी होते. काही मोजके क्रीडाप्रकार मात्र असे आहेत की, त्यांत पहिल्या येणाऱ्याला महत्त्व नसून शेवटी येणाऱ्याला असते. रात्रभर चालणारी सांघिक साहसस्पर्धा हा त्यांपैकी एक प्रकार होय. तीन, चार किंवा पाच जणांचा संघ नकाशा व होकायंत्राच्या आधारे डोंगर, जंगल व पाणी पार करीत थंडीची एक अथवा अनेक रात्री प्रवास करतो. संघातील शेवटचा सदस्य अंतिम रेषेवर पोहोचतो, तीच त्या संघाची वेळ मानली जाते. अतिशय वेगवान सदस्य दोन तास आधी पोहोचला, तरी त्याचा संघाला काडीचाही उपयोग नसतो.

हा नियम कोठून आला आणि त्याचा अर्थ कसा बदलत गेला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. महाराष्ट्रात अशा स्पर्धांचे वर्णन करताना शिवकालीन रात्रप्रवासांशी त्यांची तुलना करण्याची प्रथा रूढ झाली आहे. ही तुलना भावनिकदृष्ट्या स्वाभाविक असली तरी इतिहासदृष्ट्या तपासून पाहणे आवश्यक ठरते. आष्टा परिसरासारख्या प्रदेशात तर ती अधिकच आवश्यक आहे. सांगलीच्या वायव्येस, कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या या गावाच्या पश्चिमेस वारणा ओलांडली की पन्हाळ्याचा डोंगर लागतो; आणि ज्या वाळवा तालुक्यात हे गाव येते, तो तालुका १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारच्या चळवळीचे एक प्रमुख केंद्र होता. रात्रीच्या सामूहिक वाटचालीची दोन मोठी उदाहरणे या परिसराच्या अगदी जवळची आहेत.

उद्दिष्टे व गृहीतक

१. महाराष्ट्राच्या इतिहासातील रात्रीच्या सामूहिक वाटचालींचे स्वरूप तपासणे.
२. युरोपातील लष्करी गस्तीपासून नागरी साहसस्पर्धेपर्यंतचा प्रवास मांडणे.
३. ‘संघाची वेळ म्हणजे शेवटच्या सदस्याची वेळ’ या नियमाच्या अर्थात झालेले परिवर्तन स्पष्ट करणे.

या निबंधाचे गृहीतक असे की, साहसस्पर्धेने आपली बाह्य रचना युद्धापासून घेतली. परंतु तिच्या गाभ्याचा नियम युद्धाच्या व्यवहाराच्या विरुद्ध आहे. निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

कृष्णा-वारणा परिसर आणि सह्याद्री : गरजेपोटी झालेला रात्रप्रवास

१६६० च्या मार्च महिन्यापासून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. पावसाळा सुरू झाला तरी वेढा ढिला पडला नाही. अखेर १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, शिवाजी महाराज सुमारे सहाशे निवडक लोकांसह गडाबाहेर पडले. वेढ्यातील पहारेकऱ्यांची दिशाभूल व्हावी यासाठी शिवा काशीद हा महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीतून गेला आणि पकडला जाऊन मारला गेला. साठ किलोमीटरहून अधिक लांबीची ही वाट चिखल, ओढे, दाट झाडी आणि चढउतार यांनी भरलेली होती. पाठलाग करणारे सैन्य जवळ आल्यावर घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे काही लोकांसह थांबले आणि उरलेले विशाळगडाकडे निघाले. गडाच्या पायथ्याशीही शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणीचे दळवी यांचा वेढा होता. तो फोडून महाराज गडावर पोहोचले. घोडखिंड पुढे पावनखिंड या नावाने ओळखली जाऊ लागली.

या घटनेकडे केवळ वाटचालीच्या रचनेच्या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. या प्रवासात पथक दोनदा विभागले गेले. प्रथम पालखीच्या निमित्ताने आणि नंतर खिंडीत. दोन्ही वेळी मागे राहिलेल्यांचे मरण जवळजवळ निश्चित होते आणि त्यांना ते ठाऊक होते. पथकाचे यश सर्वांच्या पोहोचण्यावर अवलंबून नव्हते. एका व्यक्तीच्या पोहोचण्यावर अवलंबून होते. त्यासाठी इतरांनी मागे राहणे हाच त्या योजनेचा भाग होता.

दुसरे उदाहरण हिवाळ्यातील आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीस, तानाजी मालुसरे यांनी कोंढाण्यावर छापा घातला. कृष्ण पक्षातील नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. म्हणजे रात्रीचा पूर्वार्ध अंधाराचा असतो. थंडी, अंधार आणि उभा कडा या तिन्ही गोष्टी पहारा सैल पडण्यास अनुकूल होत्या. किल्लेदार उदयभान राठोड आणि तानाजी हे दोघेही लढाईत पडले. सूर्याजी मालुसरे यांनी मावळ्यांना सावरून गड घेतला. माघारीचे दोर कापून टाकल्याची कथा लोकपरंपरेने जपली आहे. त्या कथेचा अर्थही हाच आहे की, परतीची वाट हा पर्याय शिल्लक ठेवलेला नव्हता.

तिसरे उदाहरण अलीकडचे आणि आष्टा परिसराच्या अधिक जवळचे आहे. वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्र येथील क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तत्कालीन सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रतिसरकारचे सशस्त्र दल म्हणजे तुफान सेना. कुंडल येथे या दलाच्या प्रशिक्षणाचे केंद्र होते. जी. डी. बापू लाड, कॅप्टन रामचंद्र लाड, नागनाथअण्णा नायकवडी आदींनी या कार्यात पुढाकार घेतला. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेने नेला जाणारा पगाराचा पैसा ताब्यात घेण्यात आला. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याजवळ चिमठाणे येथे साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना हस्तगत करण्यात आला.

अशा धाडसी घटनांच्या नोंदी होतात; परंतु चळवळ टिकून राहिली ती त्यांच्या मधल्या असंख्य रात्रींमुळे. भूमिगत कार्यकर्त्यांना दिवसा उघडपणे वावरता येत नसे. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे, निरोप पोहोचविणे, शस्त्रे हलविणे, न्यायनिवाड्यासाठी एकत्र येणे ही कामे प्रामुख्याने अंधारातच होत. रस्ता टाळून बांधाबांधाने, ओढ्याच्या काठाने चालावे लागे. येथे विशेष हे की, चालणाऱ्या तुकडीचा विस्तार वाटेवरच्या गावांपर्यंत झालेला होता. भाकरी देणारे घर, नदी पार करून देणारा नावाडी, कुत्री भुंकली तरी गप्प राहणारी वस्ती हे सारे त्या तुकडीचेच अदृश्य सदस्य होते. थकलेल्या किंवा जखमी माणसाला अशा घरी ठेवून पुढे जाता येत असे. तरीही किंमत मोजावी लागलीच. फेब्रुवारी १९४६ मध्ये शिराळा भागातील मणदूर येथे पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग हे हुतात्मा झाले.

तिन्ही उदाहरणांत रात्र ही निवडीची गोष्ट नव्हती, परिस्थितीने लादलेली होती. स्पर्धेचा लवलेशही त्यांत नव्हता. या प्रवासांना ‘साहस’ म्हणणे म्हणजे ते करणाऱ्यांच्या समोर असलेली अपरिहार्यता विसरणे होय.

गस्तीपासून स्पर्धेकडे : युरोपातील विकास

सांघिक हिवाळी स्पर्धेचे आधुनिक रूप युरोपातील पर्वतीय सैन्यांच्या गस्तीतून विकसित झाले. १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे भरलेल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ‘लष्करी गस्त’ ही चौघांच्या संघाची स्पर्धा होती. स्कीवरून सुमारे तीस किलोमीटर अंतर आणि त्यात नेमबाजी असे तिचे स्वरूप होते. सहा संघांपैकी इटली व पोलंडचे संघ शेवटपर्यंत पोहोचू शकले नाहीत. स्वित्झर्लंडचा संघ विजयी ठरला. पुढे १९२८, १९३६ व १९४८ मध्ये ही स्पर्धा प्रदर्शनीय प्रकार म्हणून झाली आणि नंतर मागे पडली. १९६० पासून ऑलिंपिकमध्ये आलेला बायथलॉन हा तिचा वारस मानला जातो. परंतु त्याचा पहिला प्रकार वैयक्तिक होता. चौघांची गस्त जाऊन एकटा स्पर्धक आला, ही घटना क्रीडा-इतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे. मोजमाप सोपे व्हावे म्हणून खेळ संघाकडून व्यक्तीकडे सरकतो.

याउलट दिशेने जाणारे उदाहरण स्वित्झर्लंडमध्येच घडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील दहाव्या पर्वतीय ब्रिगेडमधील रोडोल्फ टिसिएर आणि रॉजर बोनव्हँ या अधिकाऱ्यांनी सैनिकांची सिद्धता तपासण्यासाठी झरमाट ते व्हर्बिये असा हिमनद्यांवरून जाणारा मार्ग निश्चित केला. एरवी चार दिवसांत होणारा हा प्रवास तिघांच्या गस्तीने सलग पूर्ण करावयाचा होता. एप्रिल १९४३ मध्ये, म्हणजे सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार आकार घेत होते त्याच सुमारास, ही ‘हिमनद्यांची गस्त’ प्रथम पार पडली. पंचांगाने वसंत असला तरी तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरील त्या वाटेवर हिवाळाच असतो. उन्हाने बर्फ मऊ होऊन धोका वाढण्यापूर्वी उंचावरील टप्पे ओलांडता यावेत, यासाठी रात्रीचा प्रवास सोयीचा ठरतो. येथे रात्र शत्रूपासून लपण्यासाठी नव्हती. निसर्गाच्या घड्याळाशी जुळवून घेण्यासाठी होती.

१९४९ मधील स्पर्धेत एका गस्तीतील तिघेही जण हिमनदीच्या भेगेत पडून मृत्युमुखी पडले. त्यांचे मृतदेह मिळण्यास आठवडाभराहून अधिक काळ लागला. या दुर्घटनेनंतर ही स्पर्धा बंद करण्यात आली आणि ती १९८४ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी पुन्हा सुरू झाली. पस्तीस वर्षांचा हा खंड क्षुल्लक नाही. युद्धात तीन सैनिकांचा मृत्यू नोंदवहीतील एक ओळ ठरला असता; खेळात तोच मृत्यू संपूर्ण उपक्रम थांबविण्यास पुरेसा झाला. गस्तीचे रूपांतर खेळात झाले आहे, याची खरी खूण हीच होती. खेळात कोणाचेही मागे राहणे योजनेचा भाग असू शकत नाही.

नागरी समाजातील प्रसार

१९६८ मध्ये इंग्लंडमध्ये दोघांच्या संघांसाठी ‘माउंटन मॅरेथॉन’ सुरू झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस, थंडी-पावसात, तंबू व अन्न पाठीवर घेऊन दोन दिवस डोंगरात दिशाशोधन करणे आणि मधली रात्र उघड्यावर काढणे हे तिचे स्वरूप होते. १९८१ मध्ये हाँगकाँगमधील गुरखा सैनिकांनी तेथील मॅकलेहोज या शंभर किलोमीटरच्या डोंगरवाटेवर चौघांच्या संघांची चाल सुरू केली. १९८६ मध्ये ऑक्सफॅम या संस्थेच्या सहभागाने ती नागरिकांसाठी खुली झाली आणि तिच्यातून निधी उभारला जाऊ लागला. चौघांनी मिळून निघावे आणि मिळूनच पोहोचावे, हा तिचा गाभा होता. सैनिकी सरावातून आलेली ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. भारतात २०१२ पासून काही वर्षे ती राबविली गेली.

१९८९ मध्ये फ्रेंच पत्रकार जेरार फ्युझिल यांनी न्यूझीलंडमध्ये ‘रेड गोलवाझ’ ही अनेक दिवस चालणारी स्पर्धा भरविली. पाच जणांच्या संघात किमान एक स्त्री असलीच पाहिजे, हा तिचा नियम विशेष उल्लेखनीय ठरतो. लष्करी गस्तीत केवळ पुरुष असत. येथे स्त्रीचा सहभाग ही संघ होण्याची अटच झाली. आधुनिक साहसस्पर्धेची रूढ रचना, म्हणजे पायी, सायकलने व पाण्यातून प्रवास, स्वतःच वाट शोधणे आणि रात्री झोपावे की चालावे याचा निर्णय संघावर सोपविणे, या काळात स्थिर झाली.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात गिर्यारोहणाची संघटित चळवळ स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सुरू झाली. मुंबईतील ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ मधील आहे. पुण्यातील ‘गिरिप्रेमी’ १९८२ मधील. या संस्थांनी सह्याद्रीतील किल्ले आणि घाटवाटा तरुणांना परिचित करून दिल्या. पन्हाळा ते पावनखिंड ही पदयात्रा दरवर्षी जुलैमध्ये अनेक संस्था काढतात. तिच्यात स्पर्धा नाही, स्मरण आहे. आणि ते योग्यच आहे.

स्पर्धेचे रूप मात्र हिवाळ्याने स्वीकारले. पुण्यातील नॅशनल एज्युकेशन फाउंडेशनने २००३ पासून ‘एन्ड्युरो ३’ ही तिघांच्या संघांची साहसस्पर्धा फेब्रुवारीच्या सुमारास भरविण्यास प्रारंभ केला. सायकल, डोंगरवाटा, जलाशय आणि दिशाशोधन यांचा तिच्यात समावेश असे. महाविद्यालयीन विद्यार्थी, नोकरदार आणि सैन्यदलातील जवान एकाच वाटेवर उतरले. सह्याद्रीत फेब्रुवारी हा या दृष्टीने सोयीचा काळ असतो. पावसाळी निसरड संपलेली असते, उन्हाळ्याची काहिली सुरू झालेली नसते आणि पठारावरील रात्र अंग गारठविणारी असते. तानाजींचा छापा याच ऋतूतील, एवढे साम्य मात्र खरे आहे.

रात्र, थंडी आणि संघातील व्यवहार

मूळ नियम प्रत्यक्षात कसा कार्य करतो, हे पाहणे येथे उचित ठरेल. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते आणि झोपेचा दाब सर्वाधिक असतो. चालताना आलेला घाम थांबताच गार होतो. अशा वेळी पहिला परिणाम पायांवर न होता बुद्धीवर होतो. माणूस अन्न घ्यायचे विसरतो, नकाशा उलटा धरतो, आपण ठीक आहोत असे सांगतो. थंडीने बधिर झालेल्या माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही. ती दुसऱ्यालाच ओळखावी लागते. संघाची आवश्यकता येथे सिद्ध होते.

ज्या संघाची वेळ शेवटच्या सदस्यावर ठरते, त्या संघात वेगवान सदस्यापुढे दोनच मार्ग उरतात. पुढे जाऊन वाट पाहत गारठत बसणे किंवा मागे येऊन थकलेल्याच्या पाठीवरील ओझे स्वतःकडे घेणे. अनुभवी संघ दुसरा मार्ग स्वीकारतो. अन्न, पाणी व दोर यांची वाटणी रात्रीतून अनेकदा बदलते. वाट शोधणारा बदलतो. सर्वांत मंद सदस्याला रांगेत पुढे ठेवले जाते, म्हणजे त्याची चाल सर्वांना दिसते आणि तो नकळत मागे पडत नाही. या साऱ्यामागे केवळ सद्भावना नसते. नियमाने परस्परसाहाय्य हेच हिताचे करून ठेवलेले असते.

याच्या विरोधी चित्र २२ मे २०२१ रोजी चीनमधील गान्सू प्रांतात दिसले. शंभर किलोमीटरच्या वैयक्तिक पर्वतीय धावस्पर्धेत १७२ धावपटू सहभागी झाले होते. अचानक आलेल्या गारपीट, थंड पाऊस आणि वादळी वाऱ्यात त्यांतील २१ जण मरण पावले. वारा अडविणारे जाकीट जवळ बाळगणे बंधनकारक नव्हते. धावपटू एकेकटे डोंगरभर विखुरले होते. त्यांतील काहींचे प्राण एका मेंढपाळाने त्यांना गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचविले. आयोजनातील त्रुटी हे या दुर्घटनेचे मुख्य कारण असले, तरी शेजारी पाहणारा कोणी नसणे ही वैयक्तिक स्पर्धेची अंगभूत मर्यादाही तिने उघड केली. संघ असल्याने संकट टळतेच असे नाही, हे १९४९ च्या घटनेने दाखविले आहेच. म्हणून संघ हा सुसज्ज आयोजनाला पर्याय नव्हे. त्याची पूरक बाजू होय.

निष्कर्ष

१. सांघिक रात्रस्पर्धेची बाह्य रचना, म्हणजे लहान तुकडी, ओझे, नकाशा आणि रात्र, ही लष्करी गस्तीतून आलेली आहे.
२. पन्हाळा, कोंढाणा आणि प्रतिसरकार या उदाहरणांत रात्रप्रवास अपरिहार्य होता. त्यात पथकाने स्वतःचा काही भाग मागे ठेवणे मान्य केलेले होते. म्हणून त्यांना आधुनिक स्पर्धेचे पूर्वरूप म्हणता येत नाही.
३. स्पर्धेने कोणालाही मागे न ठेवण्याचा नियम स्वीकारून युद्धाचा व्यवहार उलटविला. १९४९ नंतरचा पस्तीस वर्षांचा खंड या परिवर्तनाचा पुरावा होय.
४. मोजमापाच्या सोयीसाठी खेळ व्यक्तिकेंद्री होतात. सांघिक साहसस्पर्धा ही या प्रवाहाविरुद्ध टिकलेली परंपरा आहे.

समारोप

बाजीप्रभूंचे थोरपण ते मागे राहिले यात आहे. साहसस्पर्धेतील संघाचे थोरपण कोणीही मागे राहू न देण्यात आहे. ही दोन मूल्ये परस्परविरोधी नाहीत, परंतु एक नाहीत. पहिले मूल्य इतिहासाच्या कसोटीच्या क्षणी प्रकट होते आणि त्याची मागणी कोणी विद्यार्थ्याकडे करू नये. दुसरे मात्र शिकविता येते. महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण, राष्ट्रीय छात्रसेना आणि राष्ट्रीय सेवा योजना यांच्या शिबिरांत रात्रीच्या पदभ्रमणाचे आयोजन होते; तेव्हा गुण बहुधा पहिल्या येणाऱ्यास दिले जातात. तुकडीची वेळ तिच्या शेवटच्या विद्यार्थ्यावर मोजण्याची साधी तरतूद केली, तर निवड, सराव आणि सुरक्षितता या तिन्ही बाबतींत दृष्टी बदलेल. जो विद्यार्थी आजवर संघातून वगळला जात होता, त्याच्याकडेच सर्वप्रथम लक्ष द्यावे लागेल. रात्री आपल्या विद्यार्थ्यांना डोंगरात नेणाऱ्या प्राध्यापकाची जबाबदारीही शेवटचा विद्यार्थी परत येईपर्यंत संपत नाही, हेच या नियमाच्या इतिहासाचे सांगणे आहे.